पावणेसहा डॉलरचा पास

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅलगरी हे तेरा लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे आणि तिथे सीट्रेन नावाची शहरी रेल्वे धावते. २५ मे १९८१ रोजी ती सुरू झाली. तिच्या फलाटाला फाटक नाही. आडवा दांडा नाही, तिकीट खुपसायचे यंत्र नाही, दाराशी उभा तिकीट तपासनीसही नाही. सरळ चालत फलाटावर जायचे आणि गाडी आली की चढायचे. तिकीट काढायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या इमानावर सोडलेले असते. मात्र अधूनमधून गणवेशातला अधिकारी डब्यात शिरतो आणि तिकीट मागतो. ते नसेल तर अडीचशे डॉलर दंड. शहराच्या मध्यभागी, सातव्या अव्हेन्यूवर, तर तिकीटच लागत नाही. तेवढा पट्टा पहिल्यापासून फुकट आहे. आणखी एक गंमत म्हणजे तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या शहराने २००१ पासून या रेल्वेसाठी पवनचक्क्यांची वीज घ्यायला सुरुवात केली.

पण खरे नवल डब्यात बसलेल्या माणसांच्या खिशात असते. शेजारी शेजारी बसलेले दोन प्रवासी घ्या. दोघांकडे महिन्याचा पास आहे आणि दोघांना सगळ्या बस, सगळ्या गाड्या सारख्याच मोकळ्या. २०२४ साली त्यातल्या एकाने त्या पासाला ११५ डॉलर मोजले आणि दुसऱ्याने ५ डॉलर ८० सेंट. म्हणजे एकाचे सात हजार रुपये, तर दुसऱ्याचे साडेतीनशे. तिथे एका खेपेचे साधे तिकीट ३ डॉलर ७० सेंटला मिळत होते. त्यामुळे दुसऱ्या खेपेलाच हा स्वस्त पास वसूल होऊन उरलेला महिना फुकट पडत होता.

ही सवलत उत्पन्नावर बेतलेली आहे आणि तिचे तीन पट्टे आहेत. दारिद्र्याची जी रेषा धरली आहे तिच्या निम्म्याहूनही कमी ज्यांची मिळकत, त्यांना पूर्ण किमतीच्या सुमारे ५ टक्के पडतात. निम्म्यापासून ८५ टक्क्यांपर्यंत ज्यांची मिळकत, त्यांना ३५ टक्के. आणि तिथून रेषेपर्यंतच्यांना ५० टक्के. रेषा ओलांडली की पूर्ण किंमत.

ही रेषा कशी ठरते तेही ऐकण्यासारखे आहे. कॅनडाची सांख्यिकी संस्था असे पाहते की सर्वसाधारण कुटुंब आपल्या मिळकतीतला किती हिस्सा अन्न, वस्त्र आणि निवारा यांवर घालवते. त्याहून २० टक्के बिंदूंनी जास्त हिस्सा ज्या मिळकतीच्या कुटुंबाचा या तीन गोष्टींतच संपतो, तिथे रेषा ओढायची. गावाचा आकार आणि घरातली माणसे यांनुसार ती वरखाली होते. मात्र कुटुंबे काय नि कसा खर्च करतात याचा पाया १९९२ सालचा आहे. पुढची वर्षे त्यावर फक्त महागाईचा आकडा चढवला जातो. घराघरात मोबाईल आणि इंटरनेट येण्याआधीच्या संसाराची मापपट्टी लावून आजचा गरीब मोजला जातो. पण पट्टी जुनी असली तरी सगळ्यांना एकच आहे, म्हणून पालिका ती वापरते.

पास हवा असेल तर अर्ज करावा लागतो. पूर्वी प्रत्येक सवलतीसाठी वेगळे कार्यालय, वेगळा फॉर्म आणि तेच ते कागद पुन्हा पुन्हा दाखवणे असे होते. आपण गरीब आहोत हे माणसाने किती खिडक्यांवर सांगायचे? कॅलगरीने ‘फेअर एन्ट्री’ नावाचा एकच अर्ज केला. प्राप्तिकर खात्याचा उत्पन्नाचा कागद आणि कॅलगरीत राहत असल्याचा पुरावा जोडायचा. त्या एका अर्जावर बसचा पास मिळतो, पोहण्याच्या तलावाच्या शुल्कात सूट मिळते, घरपट्टीला हातभार मिळतो आणि पाळलेल्या मांजराचे निर्बीजीकरणही फुकटात होते. हे शेवटचे वाचून हसू येते खरे, पण अर्ज आखणाऱ्याने एखाद्या गरीब घराचा दिवस शेवटपर्यंत डोळ्यांसमोर आणला असावा असे मला वाटते.

हा पास कोणा नेत्याला रात्री सुचला आणि सकाळी मिळाला, असे झाले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘फेअर फेअर्स’ नावाचा एक नागरिकांचा गट त्यासाठी पालिकेच्या पायऱ्या झिजवत होता. त्यांतली बरीच माणसे अपंगत्व निर्वाहभत्त्यावर जगणारी होती. अल्बर्टात १९७९ पासून हा भत्ता आहे आणि तो प्रांत सरकार देते. २०२४ मध्ये तो महिना १,८६३ डॉलर होता. त्यातून घरभाडे, किराणा, औषधे निघाली की ११५ डॉलरच्या पासाला जागा कुठे उरते? एकट्या पासातच भत्त्यातले सहा टक्क्यांहून जास्त जातात. २००५ च्या सुमारास या गटाला निम्म्या किमतीचा पास मिळाला. मात्र सर्वांत गरिबांना तो निम्माही परवडत नव्हता. उत्पन्नाप्रमाणे किंमत उतरवण्याचा निर्णय २०१६ च्या शेवटी झाला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. तेव्हा पूर्ण पास १०१ डॉलरचा होता आणि सर्वांत खालच्या पट्ट्यातला ५ डॉलर ५ सेंटचा.

त्या वेळी राजकारणाचे ग्रह जुळले होते. कॅलगरीचे महापौर होते नाहीद नेन्शी. टांझानियाहून आलेल्या इस्माइली कुटुंबातला हा मुलगा उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराचा पहिला मुसलमान महापौर म्हणून २०१० मध्ये गाजला होता. आणि अल्बर्टात, जिथे एकाच पुराणमतवादी पक्षाने सलग ४४ वर्षे राज्य केले, तिथे २०१५ मध्ये डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या रेचेल नॉटली मुख्यमंत्री झाल्या होत्या. त्यांच्या सरकारने या पासासाठी कॅलगरीला वर्षाला ४५ लाख डॉलर द्यायचे कबूल केले, सुरुवातीला तीन वर्षांसाठी. राजधानीच्या एडमंटन शहरातही २०१७ मध्येच प्रांताच्या मदतीने महिना ३५ डॉलरचा पास निघाला.

कॅलगरीत पाच डॉलरचा पास निघाल्यावर तो घ्यायला धरलेल्या अंदाजाहून जास्त लोक आले. असे होणारच होते. योजना फसली तर पालिकेची नाचक्की होते आणि चालली तर तिच्या तिजोरीवर भार पडतो, अशी ही जात. प्रांताचा आकडा ठरलेला होता आणि पास घेणारे वाढत होते. मधला फरक पालिकेने भरायचा.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे भांडण तिच्यावाचून कळत नाही. कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेत, कलम ९२ मध्ये, प्रांतांच्या अधिकारातल्या विषयांची यादी आहे. दारूची दुकाने, इस्पितळे, तुरुंग यांच्याच रांगेत आठव्या क्रमांकावर ‘प्रांतातल्या नगरपालिका’ आहेत. शहराला स्वतःचे घटनात्मक अस्तित्व नाही. आपल्याकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना निदान कागदावर तरी घटनेत घर दिले. कॅनडात तेही नाही. २०१८ मध्ये टोरंटोच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आलेला असताना ऑन्टारियोच्या सरकारने तिथले ४७ प्रभाग २५ वर आणले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने सांगितले की प्रांताला हे करता येते.

शहराच्या हातात मुख्यतः घरपट्टी, फीवसुली आणि बसचे भाडे. चालू खर्चासाठी कर्ज काढून तूट भरायची सोय नाही. प्राप्तिकर केंद्राचा आणि प्रांताचा. तेल आणि वायूच्या खाणींचे स्वामित्वधन प्रांताचे. म्हणून गरिबी रस्त्यावर, फलाटावर, वाचनालयाच्या पायरीवर दिसते ती शहरात. ती हटवायचा पैसा आणि अधिकार मात्र प्रांताकडे. आणि बस शहराची. गरिबाचा बसपास नेमका या दोहोंच्या सांध्यावर येऊन पडतो. प्रांताने म्हणावे की बस तुमची, तिचे भाडे तुम्ही पाहा. शहराने म्हणावे की गरीब तुमचा, त्याचा भत्ता तुम्ही ठरवता. तो पुरेसा असता तर सवलत लागलीच नसती. दोघेही खोटे बोलत नाहीत. हा खर्च वाहतुकीच्या खातेवहीत लिहायचा की समाजकल्याणाच्या, एवढाच वाद आहे, आणि तो कॅनडात प्रत्येक मोठ्या शहरात कधी ना कधी झाला आहे. पुणेकरांना हे फार परके वाटू नये. पीएमपीएमएल या तिथल्या बससेवेची तूट पुणे महापालिकेने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलायची, हा हिशेब आणि त्यावरच्या कुरबुरी तिथे दरवर्षी वाचायला मिळतात. एसटीत मात्र मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट मिळते, कारण तिथे सवलत जाहीर करणारे आणि पैसे द्यायचे कबूल करणारे सरकार एकच आहे.

आता २०२४ च्या उन्हाळ्याकडे येऊ. प्रांतात डॅनिएल स्मिथ यांचे उजव्या विचारांचे सरकार होते. २०२३ च्या निवडणुकीत एडमंटनच्या वीसच्या वीस जागा त्यांच्या पक्षाने गमावल्या होत्या आणि कॅलगरीतल्या २६ पैकी १४ न्यू डेमोक्रॅट्सनी घेतल्या होत्या. सत्ता आली ती गावांच्या आणि छोट्या शहरांच्या जोरावर. त्या वसंतात सरकारने दोन कायदे केले होते. एकाने पालिकांना केंद्राकडून परस्पर पैसे घेण्याआधी प्रांताची परवानगी बंधनकारक झाली. दुसऱ्याने पालिकेचा ठराव रद्द करवण्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे आले. महापौर होत्या ज्योती गोंडेक, पंजाबी आईबापांची लेक, कॅलगरीच्या पहिल्या महिला महापौर. त्यांच्यामागे तेव्हा वेगळीच साडेसाती होती. ५ जूनला शहराची मुख्य जलवाहिनी फुटली होती, आणि प्रक्रिया केलेले सुमारे ६० टक्के पाणी तिच्यातून येत असे. पुढचे कित्येक आठवडे लोक बादली जपून वापरत होते. घरपट्टीही त्या वर्षी सर्वसाधारण घराला ७.८ टक्क्यांनी चढली होती. आणि २२ जूनला कोणी पुनरागमन करावे? तर माजी महापौर नेन्शींनी. ते प्रांतातल्या विरोधी पक्षाचे, न्यू डेमोक्रॅट्सचे, नेते म्हणून निवडून आले.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, जुलैच्या पहिल्याच दिवसांत, बातमी आली की प्रांत सरकार कॅलगरी आणि एडमंटनच्या गरिबांच्या पासाचा वाटा बंद करत आहे. कॅलगरीचे ४५ लाख डॉलर गेले. खाते होते मंत्री जेसन निक्सन यांचे. ज्येष्ठ नागरिक, समाज आणि समाजकल्याण असे त्या खात्याचे तेव्हा लांबलचक नाव होते. निक्सन यांचा मतदारसंघ ग्रामीण, रॉकी पर्वताच्या पायथ्याकडचा. सीट्रेन तिथवर जात नाही.

४५ लाख डॉलर हा आकडा मोठा की लहान? पालिकेच्या दृष्टीने वर्षाच्या मध्यावर पडलेले हे खिंडार मोठेच. प्रांताच्या दृष्टीने पाहा. त्याच सुमारास, जूनच्या अखेरीस, अल्बर्टा सरकारने सरलेल्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च प्रसिद्ध केला होता आणि त्यात ४३० कोटी डॉलर शिल्लक दाखवली होती. कॅलगरीची कापलेली रक्कम त्या शिलकीच्या साडेनऊशेव्या हिश्श्याइतकी होती. बचत म्हणून या कपातीला काही अर्थ नव्हता. ‘हे काम आमचे नाही’ असे सांगणारी ती एक ओळ होती, असेच मी तिच्याकडे पाहतो.

वेळही अशी निवडली गेली की विरोधकांना मुहूर्त काढायची गरज पडली नाही. कॅलगरीत सहसा जुलैच्या पहिल्या शुक्रवारी ‘स्टॅम्पीड’ सुरू होतो. दहा दिवस घोडे, बैल, दोरखंड, गाडाशर्यती आणि सगळे शहर गुराख्याच्या वेशात. त्या दिवसांत राजकारण्यांची एक ठरलेली पद्धत आहे. डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात टाचेचे बूट, अंगावर एप्रन घालून त्यांनी तव्यावर पॅनकेक उलटायचे आणि रांगेत उभ्या असलेल्या मतदारांच्या कागदी ताटलीत फुकट वाढायचे. मुख्यमंत्री असोत, मंत्री असोत की महापौर, सुटका नाही. त्या वर्षी स्टॅम्पीड ५ जुलैला सुरू व्हायचा होता. म्हणजे गरिबाचा पास काढून घेतल्यावर दोनतीन दिवसांत त्याच शहरात नाश्ता वाढायला उभे राहायचे होते. रांगेतला कोण काय विचारील याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

ओरड झाली. महापौर बोलल्या, नगरसेवक बोलले, गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्था बोलल्या, आणि मतदारसंघातल्या कचेऱ्यांचे फोन वाजू लागले. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. दोन्ही शहरांचा वाटा पूर्वीप्रमाणे मिळेल असे निक्सन यांनी जाहीर केले. सरकारी निर्णय मागे घेतले जातात, पण इतक्या लगोलग क्वचितच. दोनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, त्याच प्रांत सरकारने कॅलगरीच्या ‘ग्रीन लाइन’ या नव्या रेल्वेमार्गासाठीच्या १५३ कोटी डॉलरवरून हात काढून घेतला. तिथे पालिकेचा आरडाओरडा एका दिवसात कामी आला नाही. पासाचा प्रश्न मात्र प्रत्येकाला एका वाक्यात समजत होता: पावणेसहा डॉलरचा पास ११५ चा होणार. ग्रीन लाइनच्या बोगद्याच्या खर्चाचा अंदाज असा एका वाक्यात मावत नाही.

याच भांडणाचा जास्त बोचरा नमुना शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात मिळतो. तिथे पास प्रांताच्याच हातचा होता. अपंगत्व भत्ता घेणाऱ्यांना वर्षाला ४५ डॉलर शुल्क भरले की बसचा पास मिळे. २०१६ च्या अर्थसंकल्पात सरकारने भत्ता महिना ७७ डॉलरने वाढवला. कित्येक वर्षांनी झालेली वाढ, म्हणून टाळ्या पडायला हव्या होत्या. मग लोकांनी बारीक अक्षरे वाचली. ज्याला पास हवा त्याने यापुढे महिना ५२ डॉलर द्यायचे होते. ७७ मधून ५२ गेले, उरले २५. सरकारचे म्हणणे असे की ज्यांच्या गावात बसच नाही त्यांना आजवर काही मिळत नव्हते, आता सगळे समान झाले. या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. खेड्यातल्या अपंग माणसाला शहराच्या पासाचा काय उपयोग? पण शहरातल्या माणसाला दुसरेच दिसले. पूर्वी पास त्याच्या हातात होता आणि तो कोणी पैशांत मोजत नव्हते. आता दर महिन्याला त्याला ठरवायचे होते की किराणा घ्यायचा की बस. २०१७ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने १ जानेवारी २०१८ पासून ५२ डॉलरचा वेगळा प्रवासभत्ता सुरू केला. पास हवा असेल तर त्यातून पास घ्या, नको असेल तर पैसे घ्या. खेडे आणि शहर हा तिढा इतक्या साध्या रीतीने सुटला. दोन वर्षे आधीच तो असा का सोडवला नाही, याला पैसा वाचवायचा होता याखेरीज दुसरे उत्तर मला दिसत नाही.

टोरंटोने तिसरी वाट धरली. डिसेंबर २०१६ मध्ये नगरपरिषदेने सवलतीची योजना मंजूर केली आणि एप्रिल २०१८ मध्ये प्रांताचा भत्ता घेणाऱ्यांपासून तिची सुरुवात झाली. एकेरी भाड्यात ३३ टक्के आणि महिन्याच्या पासात २१ टक्के सूट. भत्ता ठरवणार ऑन्टारियो सरकार, तो अपुरा पडला की सवलतीचा खर्च सोसणार शहर. म्हणून सूट कॅलगरीइतकी खोल जाऊ शकली नाही. ९५ टक्के आणि २१ टक्के यांतले अंतर शहरांच्या दयाळूपणातले समजू नये. भार उचलायला दुसरा खांदा आहे की नाही, यातून ते आले आहे.

पास स्वस्त झाला की नेमके काय होते, हे शोधायचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत, बोस्टनमध्ये झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या जेफ्री रोझेनब्लम या संशोधकाने गरीब प्रवाशांचे दोन गट केले. एकाला निम्म्या भाड्याचे कार्ड दिले, दुसऱ्याला पूर्ण भाड्याचे. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत निम्म्या भाड्यावाल्यांच्या खेपा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भरल्या, आणि दवाखाना व समाजसेवेच्या कचेऱ्यांकडच्या फेऱ्या त्यांत ठळक दिसल्या. म्हणजे पूर्ण भाडे असताना ही माणसे डॉक्टरकडे जायचे टाळत होती. इस्पितळाचा खर्च कॅनडात प्रांताच्या माथी असतो. तपासणीला वेळेवर न गेलेला रुग्ण पुढे तातडीच्या विभागात येतो आणि त्याचे बिल प्रांताच्याच वहीत चढते. बसचा पास मात्र शहराच्या वहीत. दोन वह्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

शहरातल्या हिशेबातही एक गफलत दडलेली असते. पालिका सांगते की सवलतीमुळे इतके कोटी ‘बुडाले’. पण पाच डॉलरचा पास घेणाऱ्याने एरवी ११५ डॉलर भरले असते काय? बहुतेकांनी नसते. ते पायी गेले असते, उणे तीस अंशांतही. किंवा गेलेच नसते. किंवा फाटक नसलेल्या फलाटावरून तसेच चढले असते आणि अडीचशे डॉलरचा दंड डोक्यावर घेतला असता. तो दंड ते भरू शकत नाहीत आणि पालिकेला त्यांच्यामागे लागण्याचा खर्च येतो तो वेगळाच. उलट बाजूही खरी आहे. गर्दीच्या वेळी जादा प्रवासी आले की जादा बस सोडावी लागते, आणि बसला चालक लागतो. दुपारच्या रिकाम्या बाकाची किंमत शून्य, सकाळी आठच्या बाकाची बरीच. सवलतीचा खरा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि सभागृहात तो मांडणे कोणाच्याच सोयीचे नसते. शहराला तो मोठा दाखवायचा असतो म्हणजे अनुदान मागता येते. प्रांताला तो लहान दाखवायचा असतो म्हणजे शहराला एकट्याने झेपेल असे म्हणता येते.

कॅलगरीत ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत गोंडेक हरल्या आणि जेरोमी फार्कस महापौर झाले. फेअर एन्ट्रीचा अर्ज एकदा मंजूर झाला की साधारण वर्षभर चालतो. मग पुन्हा प्राप्तिकराचा नवा कागद आणायचा, पुन्हा राहण्याचा पुरावा जोडायचा आणि उत्तराची वाट पाहायची. प्रांताचा अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत येतो. त्या दिवशी पालिकेचे वित्त अधिकारी समाजकल्याणाच्या पानावर आपली ४५ लाखांची ओळ शोधतात.